झोपताना पावसाचा आवाज लावता का? अनुभव सांगा

धागाकर्ती: मी रात्री पावसाचा आवाज लावून झोपते हे कळल्यावर ऑफिसात सगळे हसले. मग हळूच दोघीतिघींनी "कुठला लावतेस गं?" म्हणून विचारलं! म्हणजे अशी मंडळी बरीच असणार. माझं निरीक्षण असं की झोप पावसाने येत नाही, त्याच्या एकसुरीपणाने येते. लिफ्टचं दार, कुत्र्याचं भुंकणं, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची हे आवाज काही फार मोठे नसतात, अचानक असतात. संततधार चालू असली की त्यात ते बुडून जातात. म्हणून ढगांच्या गडगडाटाचे ट्रॅक माझ्या कामाचे नाहीत, पहिल्या गडगडाटाला मी टक्क जागी. तुमचं काय?

रातकिडा: +१. फक्त फोनच्या स्पीकरवर लावू नका. त्यातून खालचे स्वर येतच नाहीत, कढईत काहीतरी तळत ठेवल्यासारखं वाटतं. मी साधा ब्लूटूथ स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, तेव्हा कुठे तो पाऊस वाटायला लागला. आणि क्लिप लांबलचक हवी. छोटी क्लिप फिरून फिरून वाजली की कुठला थेंब कधी 'टप्प' करणार हे पाठ होतं आणि मी त्याची वाट बघत पडून राहतो. (अवांतर: पाण्यात पडलेल्या थेंबाचा तो 'टप्प' आपटण्याचा नसतोच. पाण्याखाली अडकलेला इवलासा हवेचा बुडबुडा थरथरतो, त्याचा असतो.)

एक_वाजला: मी ऑनलाइन व्हिडिओ लावायचो. ऐन मुसळधारेत कर्जाची जाहिरात! बायको दचकून उठून बसली. आता फाइल उतरवून ठेवली आहे आणि फोन फ्लाइट मोडवर.

कानात_भुंगा: मला टिनिटस आहे, कानात सतत 'कुंई' चालू. शांत खोलीत तर जास्तच. ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या, लावलेला आवाज कुंईपेक्षा जरा कमीच ठेवा. ती झाकायची नाही, तिच्याकडचं लक्ष सुटलं पाहिजे. पावसाची सळसळ मला टोचायची. ब्राउन नॉइज (एकसुरी, खोल घरघरीसारखा आवाज) मानवला. त्यात स्वर वर चढेल तशी दर सप्तकाला ऊर्जा ६ डेसिबलने उतरते, त्यामुळे ऐकू येतो तो बहुतेक खर्जच.

फक्त_वाचक: मला नाही जमत बुवा. लहानपणी घर गळायचं. पाऊस वाढला की आई हाक मारायची, आम्ही अंथरुणं गुंडाळायची, तिने पातेली मांडायची. अजून कुणी 'रिलॅक्सिंग रेन' लावला की माझी नजर आधी छताकडे जाते. पंख्याची घरघर मात्र चालते.

धागाकर्ती: @फक्त_वाचक, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाळाची_आई: तान्ह्या बाळासाठी आवाजाचं मशीन घेणाऱ्यांनी अंतर जरूर बघा. २०१४ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात अशी १४ मशीनं तपासल्याचा अभ्यास आला होता. पूर्ण आवाजावर, ३० सेंटिमीटरवरून मोजल्यावर सगळीच ५० डेसिबलच्या वर गेली, तीन तर ८५ च्याही वर. आमचं मशीन पाळण्यापासून होईल तितकं लांब, आवाज अगदी बारीक, आणि बाळ झोपलं की बंद.

अर्धझोपेत: सगळं खरं, पण पावसाच्या आवाजाने सारखं बाथरूमला जावंसं वाटतं त्याचं काय? की मलाच?

रातकिडा: एकटे नाही हो तुम्ही. झऱ्याचा आवाज तर त्याहून वाईट! पत्र्यावरचा पाऊस लावून बघा, वाहत्या पाण्याचं काही नको.