विमानाचं तिकीट रद्द केल्यावर पैसे परत मिळाले का? तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मी करते. दिवाळीत पुणे-दिल्ली चौघांची तिकिटं होती आणि दोन दिवस आधी मुलीला डेंगी झाला. विमानकंपनी तीच, जिच्या विमानाने आम्ही गेली ११ वर्षं जातोय. हॉस्पिटलचं पत्र पाठवलं तर उत्तर आलं, नॉन-रिफंडेबल आहे, काहीच मिळणार नाही. बेसिक भाडं जाणार हे मला मान्यच होतं, स्वस्तातलं तिकीट होतं. पण डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे की तिकीट प्रोमोचं असो की नॉन-रिफंडेबल, सरकारी कर आणि यूडीएफ (विमानतळ वापरण्याचं शुल्क) परत द्यावेच लागतात, आणि रद्द करायचा चार्ज बेसिक भाडं अधिक फ्युएल सरचार्ज याच्यावर जाता कामा नये. हे लिहून एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली तेव्हा पैसे आले. पोरगी कशी आहे एवढं एका शब्दाने विचारलं असतं ना, तर मी तक्रारही केली नसती.

-----

नाशिक. आईबाबांचं एप्रिल २०२० चं मुंबई-वाराणसी, फेब्रुवारीतच काढलेलं. लॉकडाऊन लागला, विमानं बंद, आणि कंपनीने न विचारता क्रेडिट शेल करून टाकलं, म्हणजे पैसे परत न देता पुढच्या तिकिटासाठी स्वतःकडेच जमा ठेवले. सत्तरीच्या माणसांनी ते कुठे वापरायचं? १ ऑक्टोबर २०२० ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, शेल दुसऱ्याच्या नावावर करता येईल, ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरलं नाही तर पैसे द्यायचे. पण आमच्या एजंटने निकालाची वाटच बघितली नव्हती, जूनमध्येच स्वतःच्या खिशातून आईच्या हातात पैसे ठेवले, त्याचा स्वतःचा धंदा बंद असताना. आता घरातलं प्रत्येक तिकीट त्याच्याकडूनच, ५०० रुपये जास्त गेले तरी.

-----

बुकिंग साइटवरून काढलं असेल तर साइट म्हणते कंपनीला विचारा आणि कंपनी म्हणते साइटला. ऐकू नका. आपल्याकडच्या नियमात एजंट हा कंपनीचाच माणूस धरलाय, रिफंडची जबाबदारी कंपनीची.

-----

फ्रँकफर्टहून लिहितेय. मुंबईची फ्लाइट कंपनीनेच रद्द केली, मला व्हाउचर देत होते. युरोपात व्हाउचर फक्त तुमची सही असेल तरच चालतं, नाहीतर ७ दिवसांत पैसे. मी नको म्हटलं, काउंटरवरची बाई बरं म्हणाली, पाचव्या दिवशी पैसे खात्यात. त्यानंतर तीनदा भारतात आले, तिन्ही वेळा त्यांच्याच विमानाने.

-----

मी स्वतः ४ वर्षं एअरपोर्टवर काउंटरला होते म्हणून लिहिते. चार्ज माफ करायचा अधिकार आमच्या हातात नसायचा, ड्युटी मॅनेजरला फोन करावा लागायचा आणि तो पहिलं विचारायचा, प्रवाशाचं मेंबर कार्ड कुठलं? गोल्डवाल्याचं दोन मिनिटांत व्हायचं. एक आजी वर्षातून दोनदा नातवाकडे जायच्या, कायम आमच्याच विमानाने, पण मुलाने तिकीट काढताना त्यांचा मेंबर नंबर कधी टाकलाच नव्हता, त्यामुळे स्क्रीनवर त्या अगदी नवीन प्रवासी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे तारीख बदलायला आल्या होत्या. मी तीनदा फोन केला, नाहीच झालं. पूर्ण चार्ज भरून गेल्या, आणि पुढच्या दिवाळीत काही दिसल्या नाहीत.