डी स्क्वेअर बाय 162 : खरेदीवाल्यांना कॉस्टिंग शिकवायचं कुठे?

घाऊकराव

चाकण पट्ट्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या खरेदीत माझी बावीस वर्षं गेली. गेल्या महिन्यात आमच्या खात्यातल्या पाच नव्या पोरांना तीन दिवसांचं कॉस्टिंगचं, म्हणजे वस्तू बनवायला किती खर्च येतो ते काढण्याचं, ट्रेनिंग झालं. हॉटेलचा एसी हॉल, बफे, शेवटी सर्टिफिकेट. परवा त्यातल्या एकाने एका बुशचं (नळीसारख्या पोकळ भागाचं) खर्चाचं शीट करून आणलं. ईएन 8 या पोलादाचा 50 मिलीमीटर व्यासाचा बार, नगाची लांबी 80, फेसिंग आणि पार्टिंगला (तोंड साफ करायला आणि नग कापून वेगळा करायला) 5, म्हणजे 85. डी स्क्वेअर बाय 162 (व्यासाचा मिलीमीटरमधला वर्ग भागिले 162, हे गोल पोलादी बारच्या वजनाचं सूत्र) केलं की मीटरला 15.43 किलो, म्हणून नगाला 1.312 किलो. आकडेमोड बिनचूक.

मी विचारलं, "3 मीटरच्या बारमधून नग किती निघतात?" त्याने भागाकार केला आणि म्हणाला, 35. मशीनवर एक पाळी काढलेला कुणीही सांगेल की 34. पस्तिसाव्याला चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, धरायला काही उरतच नाही. 34 ने भागलं की नगाला 1.362 किलो लागतात. फरक 50 ग्रॅमचा. माल 70 रुपये किलो धरला तर नगामागे साडेतीन रुपये, आणि महिन्याला 20,000 नग. म्हणजे 70,000 रुपये आम्ही पुरवठादाराच्या खिशातून काढायला निघालो होतो, वर त्यालाच चोर ठरवून.

कॉस्टिंग शिकवूच नये असं मी म्हणत नाही. तीन कोटेशनं शेजारी ठेवून खालचं उचलणं ही नुसती भावाची तुलना. तिघांनी आपसात ठरवून भाव चढवला असेल तर तोही रास्तच दिसतो. खर्च उलगडून बघता आलाच पाहिजे. पण त्यासाठी हॉटेलचा हॉल कशाला? नव्या खरेदीवाल्याला दोन महिने मशीन शॉपवर उभा करा, मगच कोटेशन हातात द्या. पटतंय का?

लेथवाला_भोसरी

अजिबात नाही. मी टेबलाच्या पलीकडे बसणारा, 18 वर्षं जॉबवर्क करतोय. शिकलेल्या खरेदीवाल्यापेक्षा न शिकलेला परवडतो. पूर्वीचे साहेब म्हणायचे, "काका, दोन रुपये सोडा." मी कोटेशनमध्ये तीन वाढवूनच ठेवलेले असायचे. दोघेही खूश, चहा पिऊन घरी.

आताचा पोरगा लॅपटॉप उघडतो. ताशी दर 350, नगाला साडेतीन मिनिटं, 85 टक्के कार्यक्षमता, म्हणून मशीनिंगचे 24 रुपये 2 पैसे. त्या दोन पैशांना माझा दंडवत! मी विचारतो, बाबा, तुमचं शेड्यूल 2,000 नगांचं होतं ते ऐनवेळी 300 वर आलं, त्याची ओळ शीटमध्ये कुठाय? सेटिंगला, म्हणजे नगासाठी मशीन जुळवायला, दोन तास जातात, म्हणजे 700 रुपये. 2,000 नगांवर 35 पैसे पडतात, 300 नगांवर 2 रुपये 33 पैसे. त्यावर तो म्हणतो, "सर, टेम्प्लेटमध्ये सेटिंगला 35 पैसेच लॉक आहेत."

आणि पैसे मिळतात कधी? 2006 चा एमएसएमई कायदा म्हणतो 45 दिवसांत द्या, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज द्या. ते व्याज मागितलेल्या माणसाला पुढची ऑर्डर मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मग आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आलं. सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल मुदतीत चुकवलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च वजा धरत नाहीत. वाटलं, आता तरी दिवस पालटतील. तर एका ठिकाणाहून फोन, "तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योग म्हणून केलेली नोंदणी) काढून टाकता का?" हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात ते सांगा.

ओव्हरहेड_आजी

घाऊकराव, पोराचं चुकलं तसं तुमचंही चुकलंय. टोकाचे तुकडे भोसरीकर काही घरी नेऊन शोकेसमध्ये मांडत नाहीत, ते भंगारात जातात. भंगार 30 रुपयांनी गेलं तर किलोमागे नुकसान 70 चं नाही, 40 चं. 50 ग्रॅमचे दोन रुपये. 20,000 नगांचे 40,000, तुमचे 70,000 नव्हेत. भंगाराचं मूल्य वजा करायचं हे पहिल्या दिवशी शिकवतात, आणि ते हॉलमध्येच शिकवतात.

मी कॉस्ट अकाउंटंट, आता निवृत्त. "शॉप फ्लोअरवर पाठवा" हे ऐकायला फार गोड लागतं. पण मशीनजवळ दोन महिने उभं राहून घसारा दिसत नाही. 350 रुपये ताशी दर आला कुठून? मशीन तेच, एका पाळीत चालवलं तर स्थिर खर्च आठ तासांवर पडतो, दोन पाळ्यांत सोळा तासांवर. कर्ज फिटलेल्या जुन्या मशीनचं आणि कालच हप्त्यावर आणलेल्या मशीनचं गणित एक नसतं. जागा भाड्याची की स्वतःची, वीज, कूलंट, मशीन चालवणाऱ्याचा पगार, हे सगळं कागदावरच उलगडतं. मशीनकडे बघून जो दर सांगतो तो अंदाज सांगतो.

आणि प्रत्येक वस्तूचं शीट करायचंच कशाला? नट-बोल्ट, बेअरिंग, ग्लोव्हज, यांचा भाव बाजारात कळतो. तिथे तीन कोटेशनं बास.

घाऊकराव

भंगाराचं मान्य. चूक कबूल. पण आजी, चाळीस हजार तरी सापडले ते 34 नग माहीत असल्यामुळेच ना!

लेथवाला_भोसरी

आजी, तुम्ही खरेदीत नव्हता हे माझं नशीब.

निविदाकार

सरकारी खरेदीत हे वाद उद्भवतच नाहीत, कारण खर्च कुणी विचारतच नाही. 1 डिसेंबर 2016 चा शासन निर्णय, खरेदीची नियमपुस्तिका, निविदा, एल-1 (सर्वांत कमी दराचा निविदाधारक). केंद्रीय दक्षता आयोगाच्या सूचनांनुसार एल-1 सोडून इतरांशी वाटाघाटी नाहीत, आणि त्याच्याशीही अपवाद म्हणूनच. दर रास्त आहे हे लिहायचं असतं खरं, पण टिपणीत येतं ते एवढंच : "मागील खरेदी दराशी तुलना करता दर वाजवी आहेत." मागचा दर वाजवी होता का, हे मागच्या टिपणीला माहीत. एकच निविदा आली किंवा एकाच कंपनीचं उपकरण असलं, तर तुलनाच संपते आणि आम्ही हात जोडून बसतो. मला तरी ते हॉलमधलं ट्रेनिंग द्या, बफे नको.

शंकेखोर

मशीन शॉपवर खरेदीवाला पाठवणं म्हणजे पुण्यकर्मच असं धागाकर्त्यांना का वाटतं? 1992 साली जनरल मोटर्सच्या जागतिक खरेदीची सूत्रं इग्नासिओ लोपेझ यांच्याकडे आली. जुने करार पुन्हा उघडून त्यांनी भाव पाडायला लावले. त्यांची माणसं पुरवठादारांच्या कारखान्यांत जाऊन, मशीनपाशी उभी राहून, "इथे वाया जातंय, तिथे वाया जातंय" असं दाखवत. कंपनीचे पैसे वाचले हे खरं. 1993 मध्ये लोपेझ फोक्सवॅगनला निघून गेले, पण पुरवठादारांचा उडालेला विश्वास नंतर कितीतरी वर्षं परत आला नाही. तेव्हा शॉप फ्लोअर कळणारा खरेदीवाला भला निघेलच असं नाही. कुठे दाबलं की दुखतं, हेही त्यालाच नेमकं कळतं.

पाचातला_एक

नवा आयडी काढून लिहितोय, कारण 35 म्हणणारा तो मीच. साहेब, चूक झाली. पण थोडं आमचंही ऐका.

माझ्या वार्षिक मूल्यमापनात 5 टक्के बचत लिहिली आहे. शीटमध्ये खर्च चालू भावापेक्षा कमी निघाला तर वरून सांगतात, "पुरवठादाराला बोलाव." जास्त निघाला तर सांगतात, "शीट पुन्हा तपास." वर्षभरात नऊ शीट्स जास्त निघाली, एकाचाही भाव वाढला नाही. अशात मला बारमधले 34 नग माहीत असते तरी मी 35 च लिहिले असते, असं आता वाटतंय.

ट्रेनिंगमध्ये लर्निंग कर्व्हही शिकवला. 1936 साली राइट नावाच्या इंजिनिअरने विमानबांधणीवर लिहिलं होतं, की एकूण उत्पादन दुप्पट झालं की नगामागचे श्रमाचे तास सुमारे 20 टक्क्यांनी घटतात. तिसऱ्याच दिवशी आमच्याकडे फतवा : सगळ्या सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) नगांना लावा.

लेथवाला_भोसरी

सराव हाताला होतो रे, मशीनच्या फिरत्या स्पिंडलला नाही. विमानाला रिव्हेट मारणारा माणूस शिकत जातो. माझं मशीन पहिल्या नगाला तीन मिनिटं घेतं आणि दहा हजाराव्यालाही तीनच. वरचं अर्धं मिनिट नग काढ-घाल करण्याचं, त्यात काय शिकायचं ते शिकून झालंय.

पण तू खरं बोललास. मला वाटायचं, तुम्ही पोरं मुद्दाम करता.

ओव्हरहेड_आजी

नऊ शीट्स जास्त निघाली आणि एकही पुरवठादार पळून गेला नाही? मग एकतर तुझी शीट्स चुकलीत, नाहीतर ते लोक दुसऱ्या कुठल्यातरी नगावर वसूल करतायत. शोध.

लेथवाला_भोसरी

आजी!!

घाऊकराव

पाचातल्या एका, मी तुझा साहेब असलो तरी ते 5 टक्के मी लिहिलेले नाहीत. माझ्याही मूल्यमापनात वरून 6 आलेत. आज टेम्प्लेटमध्ये दोन बदल केले : टोकाच्या तुकड्याची ओळ घातली, सेटिंगचं कुलूप काढून ऑर्डरच्या नगांशी जोडलं. भंगार वजा करून, आजी. उधारीच्या दिवसांचं व्याजही घातलं होतं, पण फायनान्सने ती ओळ लपवून ठेवायला सांगितली.

भोसरीकर, पोराला घेऊन तुमच्याकडे येऊ का? घड्याळ आणणार नाही.

लेथवाला_भोसरी

घड्याळ आणा हो, मलाही बघायचंय खरं किती लागतं ते. फक्त गुरुवारी येऊ नका, आमच्याकडे सुट्टी असते. आणि ती लपवलेली ओळ प्रिंट काढून आणा.