स्ट्रॅटेजी गेम आणताना पहिल्याच दिवशी रँक्ड हवंच का?

मांडवीकाठ, पणजी

नमस्कार मंडळी. आम्ही तिघे मिळून एक रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेम बनवतोय. नकाशा आपल्याकडच्या खाजनांचा: मधून नदी, दोन्ही अंगांना बांध, बांधात मानशी (पाणी आत-बाहेर सोडायची दारं), आत भातशेती. भरती-ओहोटी खेळ चालू असतानाच होत राहते. ओहोटीला मोठी गलबतं गाळात रुततात, पडाव, म्हणजे छोट्या होड्या, तेवढे चालतात आणि पायदळाला नदी उतरून जायची वाट मिळते. भरतीला सगळं उलटं. तीन पक्ष आहेत, एकट्याने खेळायची मोहीम आहे, संगणकाविरुद्ध खेळता येतं आणि दोघांचा ऑनलाइन सामना साधारण २५ मिनिटं चालतो.

दिवाळीनंतर स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, आणायचा बेत आहे. अडलंय एका गोष्टीवर. ज्यांनी पैसे घातलेत त्यांचं म्हणणं, पहिल्या दिवसापासून रँक्ड, म्हणजे हार-जीतीवर क्रम ठरणारे सामने, हवंच. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या, सीझन, वरच्या शंभरांची यादी. ते नसेल तर स्ट्रॅटेजीवाले गेम मनावर घेणार नाहीत. माझा जोडीदार म्हणतो, मोहिमेचे शेवटचे टप्पे अजून कच्चे आहेत, आधी ते बघ. सर्व्हरचं काम कळणारा मी एकटाच, त्यामुळे रँक्ड हाती घेतलं तर सगळा पावसाळा त्यात जाईल आणि रिप्ले (झालेला सामना पुन्हा बघायची सोय) मागे पडतील.

रँक्ड नसलं तर माणसं खरंच निघून जातात का? जवळून पाहिलेल्यांनी सांगा. मला हे नीट करायचंय.

---

रात्रपाळी, वास्को

मित्रा, खरं सांगतो, रँक्ड नसेल तर मी घेणार नाही.

एज ऑफ एम्पायर्स ४ आला २८ ऑक्टोबर २०२१ ला. आमचा सगळा ग्रुप वाट बघत होता. क्विक मॅच होती, पण रँक्ड सीझन आला तो थेट २०२२ मध्ये. तोवर आमच्यातले बरेच जण पुन्हा एज २ कडे वळले होते, कारण तिथे प्रत्येक सामन्यानंतर आकडा हलतो. जिंकलो तर किती चढलो, हरलो तर किती उतरलो, लगेच दिसतं. स्टारक्राफ्ट २ ने २०१० मध्येच हे दाखवून दिलं होतं. पाच सामने खेळा, तुमची लीग घ्या, लागा कामाला.

आणि स्टीमवर दोन तासांच्या आत खेळलेला गेम परत करता येतो हे विसरू नकोस. २५ मिनिटांचा सामना म्हणजे तुझ्या हातात चारच सामने आहेत. तेवढ्यात मला पुढे कुठे जायचंय ते दिसलं पाहिजे. मी शिफ्टवरून येतो, जेवतो, तास-दीड तास मिळतो. तो वेळ कुठेतरी जमा होतोय असं वाटायला हवं.

---

डिचोलीकरीण

मी ऑनलाइन खेळांच्या सर्व्हरवर काम करते, घरूनच. रात्रपाळी म्हणतात ते मला पटतं, पण त्यांना जे हवंय त्याचा मोठा भाग म्हणजे तोडीस तोड गडी. तो यादी लावून मिळत नाही. रांगेत माणसं उभी असतील तरच मिळतो.

हिशेब करून बघा. रात्री नऊला शंभर जण तुमचा गेम उघडून बसलेत असं धरा. तिघांनी केलेल्या गेमला ही संख्या वाईट नाही. त्यातले बहुतेक मोहिमेत किंवा संगणकाशी खेळत असणार. वीस जणांना माणसाशी खेळायचंय. सामना २५ मिनिटांचा, म्हणजे त्यातले पंधरा-सोळा कुठल्या ना कुठल्या सामन्यात अडकलेले. रांगेत उरले चार. आता त्या रांगेचे रँक्ड आणि साधी असे दोन तुकडे करा. दोन इकडे, दोन तिकडे, त्यात एक मडगावात आणि दुसरा ब्राझीलमध्ये.

मग मॅचमेकर, म्हणजे जोड्या लावणारा प्रोग्राम, काय करतो? थांबतो, आणि जसजसा वेळ जातो तसतशी गुणांची मर्यादा सैल करतो. एलोच्या, म्हणजे खेळाडूची ताकद गुणांत मोजायच्या, सूत्रात २०० गुणांचा फरक म्हणजे वरचढाला शंभरात ७६ ची संधी, ४०० चा फरक म्हणजे ९१, ८०० चा म्हणजे ९९. पहिल्यांदाच ऑनलाइन आलेल्या माणसाला सहा मिनिटं ताटकळल्यावर हा ९९ वाला भेटला, तर तो पुन्हा रांगेत येत नाही. त्यात वर ब्रॉन्झचा शिक्का मारलात तर विषयच संपला.

रँक्ड असलं की माणसं टिकतात आणि नसलं की जातात, असं सरळ कुठे दिसत नाही. व्हॉल्व्हचा आर्टिफॅक्ट २८ नोव्हेंबर २०१८ ला आला, पत्त्यांचा असला तरी स्ट्रॅटेजीच. सुरुवातीला लॅडर, म्हणजे खेळाडूंची चढती क्रमवारी, नव्हतं म्हणून ओरड झाली, डिसेंबरात कौशल्याचे गुण आले, तरी गर्दी ओसरतच गेली आणि २०२१ मध्ये त्याचं काम थांबवलं. उलट बाजूला स्टॉर्मगेट हा स्ट्रॅटेजी गेम. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्ली ॲक्सेसला (गेम पुरा व्हायच्या आधीच खुला केला तेव्हा) एकास-एक रँक्ड हजर होतं, तरी काही महिन्यांत खेळणारे फार थोडे उरले. लोकांच्या तक्रारी मोहिमेबद्दल होत्या, खेळाच्या अपुरेपणाबद्दल होत्या. एज ४ ला रँक्ड उशिरा आलं आणि तो आजही खेळला जातो. म्हणून तुमच्या जोडीदाराचं म्हणणं उडवून लावू नका.

आता तुमच्यासाठी. गुण पहिल्या दिवसापासून मोजा, दाखवू नका. साधा एलो न घेता ग्लिको ही पद्धत घ्या, कारण त्यात गुणांसोबत खात्री किती आहे तेही धरलेलं असतं. नव्या माणसाचा अंदाज दोन-चार सामन्यांत झपकन सरकतो, जुन्याचा हळू. रांग एकच ठेवा.

आणि वेळ ठरवून द्या. म्हापशाचा बाजार शुक्रवारी भरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं म्हणून सगळे शुक्रवारी येतात. तुम्हीही बुधवार आणि शनिवार रात्री आठ ते दहा असं गेमच्या पहिल्याच पडद्यावर लिहा. विखुरलेले वीस जण एका वेळी आले की रांगेत जीव येतो. लहान गेमसाठी याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

रिप्लेवर मात्र मी अडून बसेन. तुमचा गेम लॉकस्टेपवर असणार, म्हणजे दोन्ही संगणक तोच खेळ आपापल्या जागी चालवतात आणि तारेवरून फक्त आज्ञा जातात. मग रिप्ले म्हणजे सुरुवातीची स्थिती आणि आज्ञांची यादी. फाइल छोटी. पण तिच्यावर किती गोष्टी उभ्या आहेत बघा. पावसात वीज गेली, दहा मिनिटांनी आली, खेळाडू परत आला. त्याला सामन्यात कसं घेणार? त्याच आज्ञा भरभर चालवून त्याला चालू क्षणापर्यंत आणायचं, म्हणजे रिप्लेच. ही सोय नसताना रँक्ड चालू केलंत तर जून ते सप्टेंबर गोव्यातले निम्मे पराभव वीज खात्याच्या नावावर जातील आणि गुण खेळाडूचे कापले जातील. मला तो अन्याय वाटतो.

दुसरं, लॉकस्टेपमध्ये सगळा नकाशा दोघांच्याही संगणकात असतो. न पाहिलेला भाग झाकणारं धुकं नुसतं वर रंगवलेलं. ते पुसणारा प्रोग्राम कोणीतरी लिहितोच, आणि गुणांना किंमत आली की लवकर लिहितो. पकडायचं कसं? रिप्ले उघडून बघायचं की न पाहिलेल्या जागी याचं सैन्य थेट कसं गेलं. रिप्ले नाही तर पुरावा नाही.

तिसरं, तुमच्या मानशी. भरती चढलेली असताना शत्रूची मानस उघडली की खारं पाणी शेतात शिरणार, पीक बुडणार, त्याचं सैन्य उपाशी. यावर उतारा काय आहे? तिन्ही पक्षांना तो सारखा जमतो का? हे तुम्हा तिघांना घरी बसून कळणार नाही, शेकडो सामने बघावे लागतील. पहिल्या महिन्यात तुम्ही मानशीचे नियम बदलणार हे मी आजच लिहून देते. मग ज्याने त्याच एका युक्तीवर गोल्ड मिळवलं त्याच्या गोल्डचं काय करणार? काढून घेतलं तर तो चिडणार, ठेवलं तर बाकीचे.

पावसाळा रिप्लेला द्या. पायऱ्या आणि पदकं चित्रांचं काम आहे, ते नंतर होतं.

---

पंच, फोंडा

मला व्हिडिओ गेममधलं फार कळत नाही, पण रेटिंगशी माझा रोजचा संबंध आहे. मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि स्पर्धांत पंच म्हणून बसतो.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात फिडेचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेचा, विश्वचषक गोव्यात झाला. त्यानंतर शिकायला येणारी पोरं वाढली, फार आनंदाची गोष्ट. पण पालकांचा पहिला प्रश्न एकच, रेटिंग कधी? राजा-प्याद्याचा अंत्यडाव येत नसताना रेटिंग हवं असतं. फिडेचं पहिलं रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात, आणि मार्च २०२४ पासून खालची मर्यादा १४०० केलेली आहे. नव्या खेळाडूचा के (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) ४० असतो, तीस डाव होईपर्यंत. म्हणजे काटा हलता ठेवलेला आहे, ताईंनी सांगितलं तेच तत्त्व.

मला काळजी वेगळीच. आकडा मिळाला की काही मुलं खेळायचीच थांबतात. समोर कमी रेटिंगचा पण तयारीचा मुलगा दिसला की स्पर्धेतून नाव काढतात, घटेल म्हणून. वर्गात घोडा बळी देणारा मुलगा स्पर्धेत तिसऱ्याच चालीला बरोबरी मागतो. तुमच्या खेळात भरती-ओहोटीचे डावपेच लोकांनी शोधून काढावेत अशी तुमची इच्छा असेल, तर त्यांना हरून बघायला मोकळीक हवी. आकडा समोर लटकवून ठेवला की जे एकदा चाललं तेच लोक पुन्हा पुन्हा करतात.

रात्रपाळी यांच्यासाठी एक सुचवतो. डाव संपल्यावर आकड्याऐवजी डाव दाखवा. कुठे पारडं फिरलं, कुठल्या मिनिटाला बांध फुटला. आमची मुलं हरलेला डाव पटावर पुन्हा मांडतात तेव्हा जेवायलाही उठत नाहीत.

---

रात्रपाळी, वास्को

पंचसर, ते मला आवडेल. तरी माझं म्हणणं सोडत नाही. आकडा नको तर नको, पण मी पुढे चाललोय की नाही हे कळण्याची काहीतरी सोय हवी. निदान माझा स्वतःचा आलेख मला दिसू दे, इतरांना नको. आणि रँक्ड कधी येणार ते आधीच लिहा. ‘लवकरच’ असं लिहू नका, त्या शब्दावर आता कोणी विश्वास ठेवत नाही.

---

मांडवीकाठ, पणजी

सगळ्यांचे मनापासून आभार. मानशीचं डिचोलीकरीण यांनी अचूक ओळखलं. आमच्या चाचणीत पडाव असलेला पक्ष ओहोटीत बांधापर्यंत पोचतो, भरती येईस्तोवर दबा धरून बसतो आणि मग मानस उघडतो. समोरच्याला उरतं ते पाणी बघत बसणं. आम्ही मानशीवर पहारेकरी ठेवायची सोय केली, तर आता जो तो सगळं सैन्य मानशीवरच बसवतो आणि नदीत कोणी उतरत नाही. यावर उतारा अजून सापडलेला नाही.

तर असं ठरवतोय: रांग एक, गुण लपलेले, स्वतःचा आलेख ज्याचा त्याला दिसेल, बुधवार-शनिवारची वेळ पडद्यावर, आणि पावसाळा रिप्लेला. मोहिमेचे शेवटचे टप्पे जोडीदार बघेल. एकच अडचण. पैसे घातलेल्यांना ‘नंतर’ म्हणून चालणार नाही. पायऱ्या कधी उघडायच्या याची काही मोजता येण्याजोगी अट आहे का?

---

डिचोलीकरीण

आहे, आणि रात्रपाळींना हवी ती तारीखही त्यातूनच निघते. प्रत्येक सामन्यासाठी दोनच गोष्टी नोंदवा: रांगेत किती वेळ गेला आणि दोघांच्या गुणांत फरक किती होता. संध्याकाळी सात ते रात्री अकरा, सलग चार आठवडे बघा. दहातल्या आठ सामन्यांत तीन मिनिटांच्या आत २०० गुणांच्या आतला गडी मिळत असेल आणि त्या चार आठवड्यांत पक्षांच्या ताकदीत तुम्ही मोठा बदल केला नसेल, तर पायऱ्या उघडा. दहातले आठ आणि तीन मिनिटं हे आकडे माझ्या अनुभवातले आहेत, तुमच्या सामन्याच्या लांबीप्रमाणे थोडे सरकवा. पण गेम यायच्या आधी ठरवा आणि गेमच्या पानावर जाहीर लिहा. पैसे घातलेल्यांना दर सोमवारी तोच तक्ता पाठवा.

मानशीसाठी एक विचारते: ती उघडायला वेळ लागतो का, की एका क्लिकमध्ये सताड उघडते? खऱ्या मानशीची फळी भरतीच्या दाबाखाली सहजासहजी उचलत नाही. फळी उचलायला पाणी चढेल तसा जास्त वेळ लागू द्या आणि त्या वेळात आवाज समोरच्याला ऐकू जाऊ द्या. मग पहारेकऱ्याची गरज उरते का ते बघा. चाचणीची फाइल पाठवलीत तर शनिवारी रात्री मी आणि माझा भाऊ खेळून बघू.