‘प्ले’ला फिनिशमध्ये काय म्हणायचं?

फिनिश शिकायला घेतलेला मराठी माणूस बहुतेक वेळा इंग्रजीच्या वाटेने जातो, कारण पुस्तकं आणि शब्दकोश इंग्रजीतच हाताशी असतात. ‘प्ले’ या शब्दापाशी मात्र ती वाट सोडावी, असं मला ठामपणे वाटतं. इंग्रजीत अंगणातलं मूल, फुटबॉलपटू, पियानोवादक आणि नट हे सगळे ‘प्ले’च करतात. फिनिशमध्ये प्रत्येकाचं क्रियापद वेगळं, आणि त्यातल्या एकाची घडण तर थेट मराठीसारखी आहे.

आधी तेच घेऊ: ‘सोइत्ता’, म्हणजे वाजवणे. मूळ क्रियापद ‘सोइदा’, म्हणजे वाजणे. त्याला प्रयोजक प्रत्यय लागला की ‘सोइत्ता’. आपली वाजणे-वाजवणे ही जोडी जशीच्या तशी! वाद्य म्हणजे ‘सोइतिन’, वादक ‘सोइत्ताया’. पुढे टेलिफोन आला, तोही वाजणाराच, म्हणून फोन करणे यालाही ‘सोइत्ता’च म्हणू लागले. ‘सोइतान ॲइदिल्ले’ म्हणजे साधारणपणे ‘आईला फोन करते’; पण बोलणारी पियानोपाशी बसली असेल, तर ‘आईसाठी वाजवते’ असाही अर्थ होतो. आपण ‘गाणं लाव’ म्हणतो, तसं फिनिश माणूस ‘वाजायला लाव’ या अर्थाची रचना करतो. यंत्रावरच्या प्लेच्या बटणावर मात्र ‘तोइस्ता’ असतं. ते ‘दुसरा’ या अर्थाच्या शब्दापासून आलेलं, म्हणजे पुन्हा एकदा करणे. ध्वनिमुद्रित आवाजासाठी किती नेमका शब्द आहे!

खरी अडचण येते ती ‘खेळणे’पाशी. मराठीत भातुकली खेळतात, पत्ते खेळतात, रंग खेळतात, जुगारही खेळतात. फिनिशमध्ये इथे दोन क्रियापदं आहेत. ‘लेइक्किॲ’ हे मुलांचं, कल्पनेतलं, मोकळं खेळणं. ‘पेलाता’ म्हणजे फुटबॉल, बुद्धिबळ, पत्ते, व्हिडिओ गेम. वाळूत किल्ला करणारं मूल ‘लेइक्किॲ’ करतं. तेच मूल मोबाइल हातात घेऊन बसलं की ‘पेलाता’. बाहुलीशी खेळणं, आगीशी खेळणं हे पहिल्यात. भातुकलीला तर ‘घर खेळणे’ असंच म्हणतात: ‘लेइक्किॲ कोतिया’. नियम असले की ‘पेलाता’, अशी खूणगाठ शिकणाऱ्याला देतात. ती बऱ्याचदा उपयोगी पडते, पण पुरी पडत नाही. लपंडावाला नियम आहेत, राज्य कोणावर हेही ठरलेलं असतं, तरी तो ‘लेइक्किॲ’च. गुण मोजायचे आहेत का, शेवटी जिंकणारा-हरणारा ठरतो का, हे पाहिलं तर निवड जास्त वेळा बरोबर येते. मराठीत ‘मुलं बाहेर खेळताहेत’ एवढं पुरतं. फिनिशमध्ये ‘पेलाता’ वापरून एवढंच सांगितलं, तर कोणता खेळ, हा प्रश्न येणारच.

ही दोन्ही क्रियापदं मुळात फिनिश नाहीत. ‘लेइक्की’ जुन्या जर्मानिक भाषांतून आलं. ‘पेलाता’ आलं स्वीडिशमधल्या ‘स्पेला’वरून; शब्दाच्या आरंभी जोडव्यंजन नको म्हणून जुन्या फिनिशने ‘स’ गाळला. स्वीडिश ‘स्पेला’ खेळालाही चालतं आणि वाद्यालाही. त्याची खूण फिनिशमध्ये एका सुंदर शब्दात उरली आहे: ‘पेलिमान्नी’, म्हणजे लोकवादक, विशेषतः गावच्या लग्नात फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) वाजवणारा. तो ‘सोइत्ता’ करतो, नावात मात्र ‘पेलि’ आहे. फिनलंडमधलं काउस्तिनेन हे छोटं गाव या वादकांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे 1968 पासून लोकसंगीताचा महोत्सव भरतो, आणि तिथली फिडलवादनाची परंपरा 2021 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

नटाचं क्रियापद ‘नॅयतेल्लॅ’, ‘दाखवणे’ या अर्थाच्या धातूवरून आलेलं. नाटक म्हणजे ‘नॅयतेल्मॅ’. मराठीत आपण ‘नाटकात काम केलं’ म्हणतो, पण सिनेमाचा ‘खेळ’ असतो आणि कोकणात नमन-खेळेही असतात. म्हणजे खेळ आणि नाट्य यांचं नातं मराठीने राखलं, फिनिशने ते ‘दाखवणे’शी जोडलं.

गॅरेजवाले ‘स्टिअरिंगला प्ले आहे’ म्हणतात, तो प्ले फिनिशमध्ये ‘वॅल्युस’. ‘वॅलि’ म्हणजे मधली जागा, त्यावरून हा शब्द. खेळण्याशी त्याचा काही संबंध नाही.

उच्चाराचं एक सांगायलाच हवं. ‘पेलाता’ म्हणजे खेळणे आणि ‘पेलॅतॅ’ म्हणजे घाबरणे. फरक फक्त आ आणि ॲ यांचा. फिनिशमध्ये ‘ॲ’ हा ‘a’ अक्षरावर दोन टिंब देऊन लिहितात; ते टिंब सुटले की दोन्ही सारखेच दिसतात. मराठी कानाला मात्र ‘बाग’ आणि ‘बॅग’ यांची सवय आहे, त्यामुळे शब्द देवनागरीत लिहून पाठ केले तर हे दोन्ही वेगळे राहतात.