ब्योमकेश बक्षी कोणाकोणाला आठवतोय? या, लिहा इथे

निशिगंध
काल सासूबाईंना मोबाईलवर काहीतरी लावून द्यायचं होतं, पोळ्या होईपर्यंत त्यांचा वेळ जावा म्हणून, तर यूट्यूबने आपणहून दूरदर्शनवालं ब्योमकेश बक्षी पुढे केलं. पाच मिनिटांत मी गॅस बारीक करून त्यांच्या खुर्चीमागे उभी. १९९३ची सिरीयल, बासु चटर्जींची, रजित कपूर ब्योमकेश आणि के. के. रैना अजित. लहानपणी कळत काही नव्हतं, नुसती भीती वाटायची. आता बघताना जाणवलं की हा माणूस धावत नाही, ओरडत नाही, धोतर नेसून चहा पीत पेपर वाचतो आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतो. ऐकणं हीच त्याची हुशारी. मला तर आजही आपल्याकडचा सगळ्यात चांगला गुप्तहेर हाच वाटतो. तुमच्या आठवणी सांगा, आवडता भाग सांगा, नावडला असेल तर तेही सांगा.

भाऊ_नाशिककर
ग्रामोफोनची पिन!!! बस्स. सायकलच्या घंटीतून पिन मारून भर रस्त्यात खून. तो भाग बघितल्यावर कित्येक दिवस मागून सायकलची घंटी वाजली की मी छातीवर दप्तर धरायचो. आमच्या गल्लीतले दूधवाले काका घंटी वाजवत यायचे त्यांना काय माहीत बिचाऱ्यांना.

अनघा के
@भाऊ दप्तर छातीवर 😂😂 आमच्याकडे भाऊ मुद्दाम मागून घंटी वाजवायचा आणि मी आईकडे पळायचे.
माझा आवडता कोळ्याच्या विषाचा. तो म्हातारा अंथरुणावर पडून नुसता लिहीत असतो, घरच्यांनी सगळी खोली झडती घेऊन पालथी घातलेली आणि तरी त्याला नशा मिळतेच कुठून. उत्तर कळल्यावर बाबा एवढे खूश झाले की जेवताना परत सगळं आम्हाला समजावून सांगितलं, आम्ही शेजारीच बसून बघितलं होतं तरी.

सातारी_तडका
शाईतून. लाल शाई. पेन तोंडात घालायचा तो.

अनघा के
अहो सातारी मी मुद्दाम सांगितलं नव्हतं ना!! नवीन लोक वाचत असतील.

सातारी_तडका
ताई तीस वर्षं झाली, आता काय लपवायचं. बरं पुढचं नाही सांगत कोणाचं.

मेधाकाकू
मला करमचंद जास्त आवडायचा. १९८५. गाजर खाणारा पंकज कपूर आणि ती किटी, सुश्मिता मुखर्जी. "शट अप किटी" आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना म्हणायचे, साहेब सोडून. ब्योमकेश चांगलाच होता पण फार गंभीर, आमच्या मिस्टरांना आवडायचा. करमचंदमध्ये हसू यायचं आणि खुनीही सापडायचा. माझा मुलगा पंकज कपूरला ऑफिस ऑफिसमधला मुसद्दीलाल म्हणूनच ओळखतो, त्याला सांगितलं की हा एके काळी काळा गॉगल लावून केस सोडवायचा तर खरं वाटेना. दाखवलं मग यूट्यूबवर. कुकर लावलाय, येते परत.

निशिगंध
मेधाकाकू करमचंदचंही लिहा हो, इथे सगळं चालेल.

रानवारा
मी कोलकात्यात नोकरीला होतो काही वर्षं, म्हणून थोडं लांब लिहितो. ब्योमकेश आणि अजित राहतात तो हॅरिसन रोड म्हणजे आताचा महात्मा गांधी रोड, कॉलेज स्ट्रीट तिथून जवळच. जुन्या मेसच्या इमारती अजून आहेत त्या भागात, लाकडी झडपांच्या उंच खिडक्या, अरुंद जिने, खाली दुकानं आणि वर एकेका खोलीत गावाकडून नोकरीसाठी आलेली माणसं. आपल्या गिरणगावातल्या खाणावळी आणि गाळे डोळ्यांसमोर आणा. त्या वस्तीत फिरल्यावर मला पहिली गोष्ट नीट समजली. नवीन भाडेकरू खोटं नाव सांगून राहायला येतो आणि कोणाला संशय येत नाही, कारण मेसमध्ये रोज कोणीतरी नवीन येणारच, कोणी कोणाच्या घरचं विचारत नाही. आणि खालचा तो होमिओपथीचा डॉक्टर, सगळ्यांशी गोड, त्याच्या पुड्यांमधून काय जातं ते (सातारी, गप्प बसा). म्हणजे खून तसा मागे राहतो, गर्दीच्या शहरात शेजारच्या खोलीतला माणूस आपल्याला खरंच माहीत असतो का हीच गोष्ट खरी. बासुदांनी सिरीयलमध्ये ते खूप साधेपणाने आणलं, मोठे सेट नाहीत, कॅमेऱ्याच्या करामती नाहीत, चारपाच खोल्या आणि चांगले नट. २०१५चा सुशांत सिंग राजपूतचा सिनेमा दिसायला भारी होता, ट्राम, धुकं, जपानी बॉम्बचं वातावरण, पण मला त्या साध्या खोलीतलाच ब्योमकेश पटतो.

पल्लवी_ठाणे
होमिओपथीवरून आठवलं, कोणाला सर्दीवर चांगला डॉक्टर माहीत आहे का ठाण्यात? लेकाला दर पावसाळ्यात त्रास.

अनघा के
@पल्लवी मेसेज केलाय तुला.

चंद्रभागा
सत्यवतीबद्दल कोणीच कसं बोललं नाही!! आपली सुकन्या कुलकर्णी! आमच्या घरी ती पडद्यावर आली की आजी म्हणायची "आली गं आपली पोरगी". करालीबाबूंच्या खुनात तिच्या भावावर आळ येतो आणि ती स्वतः ब्योमकेशकडे येते मदत मागायला, घाबरलेली असते पण रडून गोंधळ घालत नाही. पुढे लग्न झाल्यावरसुद्धा ती नुसता चहा आणून देणारी बायको नाहीये, नवऱ्याला टोकते, रुसते, अजितची बाजू घेते. नंतर १९९९ला आभाळमायामध्ये ती सुधा जोशी म्हणून घराघरात पोचली, पण आमच्या आजीसाठी शेवटपर्यंत सत्यवतीच. लग्नाच्या आमंत्रणाच्या गप्पांमध्येही म्हणायची, सून सत्यवतीसारखी हवी.

मेधाकाकू
आले परत. चंद्रभागा तुझ्या आजी गोड होत्या गं. मग मिळाली का तशी सून 😄

चंद्रभागा
काकू मीच ती नात, सून माझी वहिनी झाली, आणि हो तशीच आहे, दादाला चांगलं टोकते.

जर्सीकर_विनय
इथे मुलांना हिंदी कानावर पडावं म्हणून रविवारी एक भाग लावतो. मोठीला सुरुवातीला कंटाळा आला, इतकं सावकाश का म्हणे. मग ग्रुप फोटो चोरीला जातात तो भाग लावला, फोटोत कोण आहे आणि कोणाला तो नकोसा आहे यावर ती इतकी गुंतली की शेवटाआधी पॉज करून वहीवर नावं लिहायला बसली. आता तीच आठवण करते रविवारची. सावकाशपणाचा फायदाच तो, पोरांना विचार करायला वेळ मिळतो. हल्लीच्या क्राईम सिरीजमध्ये रक्त आणि शिव्या इतक्या की मुलं बाजूला बसलेली चालत नाहीत.

पुणेरी_पेठकर
एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी म्हणून लिहितोय. ब्योमकेशचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय आपल्या पुण्यात राहिले. १९३८ला बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले, १९५२ला सिनेमा सोडून पुण्यात स्थायिक झाले. १९३२ला सुरू केलेला ब्योमकेश मध्ये पंधराएक वर्षं त्यांनी बंदच ठेवला होता, आणि परत हातात घेतल्यावर बऱ्याचशा कथा पुण्यात बसून लिहिल्या. म्हणजे कलकत्त्याच्या गल्ल्या लिहिल्या गेल्या आपल्या पुण्यात. शिवाय शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या गोष्टी त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. मला याचा मनापासून अभिमान वाटतो आणि पुण्यात फार थोड्यांना हे ठाऊक आहे याचं वाईट वाटतं.

भाऊ_नाशिककर
काय सांगता! सदाशिव पेठेवरून ठेवलं असेल नाव 😀

पुणेरी_पेठकर
ते नाही माहीत भाऊ, पण पेठेतले लोक हक्क सांगणार हे नक्की.

रानवारा
पेठकर, भारी माहिती. कोलकात्यातल्या माझ्या मित्राला आत्ताच पाठवली.

स्वरूपा
मी उशिरा आले या धाग्यावर. माझी आठवण लॉकडाऊनमधली आहे. २०२०ला रामायणाबरोबर दूरदर्शनने ब्योमकेशही परत लावलं होतं. बाबांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, बाहेर पडता येत नाही, कोणी भेटायला येऊ शकत नाही, दिवसभर छताकडे बघत पडून राहायचे. ते सुरू झालं आणि बाबा वेळेच्या आधी चष्मा पुसून तयार. खुनी कोण यावर आमची पैज लागायची, हरेल त्याने दुपारचा चहा करायचा, बाबा उठू शकत नव्हते त्यामुळे चहा मीच केला रोज, पण ते जिंकायचेही जास्त. जुनंच बघितलेलं आठवत होतं त्यांना, तसं कबूल कधीच केलं नाही. त्याच वर्षी ४ जूनला बासुदा गेल्याची बातमी आली तेव्हा बाबा म्हणाले, माणसाने आपलं घर सांभाळलं या दिवसांत. बाबा आता नाहीत. रजित कपूरला गांधीजींच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला हे त्यांनीच सांगितलं होतं मला, पण त्यांच्यासाठी तो कायम ब्योमकेश.

निशिगंध
स्वरूपा 🙏 खूप आतून लिहिलंस गं.

मेधाकाकू
स्वरूपा बाळा, बाबांना वेळ दिलास, यापेक्षा काय हवं.

सातारी_तडका
तहकिकात कोणी बघायचं का? विजय आनंद आणि सौरभ शुक्ला. सॅम डिसिल्व्हा आणि गोपीचंद. ९४च्या आसपास. त्यातले भुताटकीचे वाटणारे भाग रात्री बघून आम्ही भावंडं एका पांघरुणात झोपायचो.

अनघा के
हो!!! गोपीचंद! त्याचा वेगळा धागा काढा सातारी, आणि यावेळी खुनी सांगू नका.

जर्सीकर_विनय
सायाळाच्या काट्याने खून होतो तो भाग नऊ वर्षांच्या मुलीला दाखवावा का? फार भीतीदायक आहे का, कोणी अलीकडे बघितला असेल तर सांगा, रविवारच्या आधी.

रानवारा
विनय, दाखवा, रक्तबिक्त फारसं नाही. फक्त हृदय कोणत्या बाजूला असतं हे तिला आधी विचारून ठेवा.

सातारी_तडका
आता कोण सांगतंय बघा 😄