राज्यव्यापी चाचण्यांतून जादा मदतीची गरज असलेली मुले खरोखर सापडतात का?

गणितप्रेमी

राज्यांतील शालेय शिक्षण सुधारण्याच्या केंद्र सरकारच्या ‘स्टार्स’ प्रकल्पांतर्गत 2023-24 या शैक्षणिक वर्षापासून राज्यातील शासकीय आणि अनुदानित शाळांत नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे शिक्षकांच्या बोलण्यातली ‘पॅट’, सुरू झाली. तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी आरंभी एक पायाभूत आणि पुढे दोन संकलित चाचण्या, प्रथम भाषा, गणित व इंग्रजी हे विषय, आणि प्रश्नपत्रिका पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, असे तिचे स्वरूप ठरले. ही चाचणी बंद करावी अशी मागणी अनेक शिक्षक करतात. ती चालू राहावी, असे माझे ठाम मत आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार प्रत्येक मुलाची अध्ययनक्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. पण शाळेने स्वतः काढलेली घटक चाचणी नकळत त्या वर्गाच्या सरासरीला बेतलेली असते, त्यामुळे जिथे सगळा वर्गच दोन इयत्ता मागे आहे तिथे कोणीच मागे दिसत नाही. अशा शाळेतल्या मुलासाठी बाहेरून आलेली मोजपट्टी हाच एक साक्षीदार असतो.

चाचणीची उत्तरपत्रिका किती बोलकी असते हे एका उदाहरणावरून सांगतो. 402 वजा 178 या गणिताचे उत्तर एका मुलाने 376 लिहिले आणि दुसऱ्याने 234. पहिला मुलगा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो आहे. त्याला हातचा म्हणजे काय हेच उमगलेले नाही. दुसऱ्याने शतकाकडून हातचा बरोबर घेतला, पण दशकाच्या घरात आलेल्या दहापैकी एक एककाच्या घराला देताना तिथे नऊ करायचे राहून गेले. पहिल्याच्या हाती पुन्हा काड्या आणि गठ्ठे द्यावे लागतील, तर दुसऱ्याला शून्य असलेली पाच-सहा उदाहरणे सोबत बसून सोडवून दिली की काम होईल. राज्यभर एकच प्रश्न विचारला गेला, तर असे नमुने कोणत्या तालुक्यात दाट आहेत हे कळून प्रशिक्षणही नेमके देता येईल.

डोंगरशाळा

मी मेळघाटातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. आपले वजाबाकीचे उदाहरण अचूक आहे आणि त्यातच माझा आक्षेप दडलेला आहे. निकाल नोंदवण्याच्या सरकारी चॅटबॉटवर आम्ही भरतो ते फक्त गुण. त्या दोन्ही मुलांना तिथे सारखाच भोपळा मिळतो, आणि 376 व 234 मधला फरक आमच्या कपाटातल्या गठ्ठ्यात पडून राहतो.

माझ्या वर्गात कोणाला जोडाक्षर अडते आणि कोण मात्रा गाळते हे मला चाचणीवाचून ठाऊक आहे. मला हवा आहे तो वेळ. तिसरीच्या दोन मुलांना जवळ घेऊन बसले की पहिली आणि दुसरीची मुले मोकळी सुटतात. त्यात मतदार याद्यांचे काम, ऑनलाइन माहिती आणि केंद्रावरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठका. मूल सापडल्यावर त्याच्याजवळ बसणारे माणूस जी योजना देत नाही, तिने मुले शोधून काढण्याचा आग्रह का धरावा?

शिवाय आमच्या मुलांच्या घरी कोरकू बोलतात. प्रमाण मराठीतल्या उताऱ्यावरचा प्रश्न चुकला, तर मुलाला आशय कळला नाही की ‘ओसरी’ हा शब्दच त्याने कधी ऐकला नव्हता, हे गुणांवरून कोणी ओळखावे? ते मूल यादीत ‘अप्रगत’ म्हणून जाते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. निकालावरून केंद्राकेंद्रांची तुलना होऊ लागली की फळ्यावर उत्तरे उमटतात. एप्रिल 2025 मध्ये तर या चाचणीच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह यूट्यूबवर होत्या. ज्या मुलाला सर्वांत जास्त मदत हवी, तेच मूल अशा निकालात दिसेनासे होते.

पालक_ठाणे

माझ्या मुलीला वाचनाची अध्ययन अक्षमता आहे. शाब्दिक उदाहरणांत तिला शून्य मिळत असे, आणि तेच उदाहरण मोठ्याने वाचून दाखवले की ती तोंडी उत्तर देत असे. लेखी चाचणीने तिला गणितात कच्ची ठरवले. अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासनावर टाकलेली आहे, म्हणून चाचणी असावी असे मलाही वाटते. मात्र कमी गुण मिळालेल्या प्रत्येक मुलाला शिक्षकाने एकदा समोर बसवून तोंडी विचारलेच पाहिजे.

गणितप्रेमी

आपणा दोघींचे म्हणणे चाचणीच्या वापराविषयी आहे, आणि वापर बदलता येतो. राज्यांची आणि जिल्ह्यांची तुलना करायला नमुना सर्वेक्षणे आहेतच. डिसेंबर 2024 मध्ये तिसरी, सहावी आणि नववीसाठी परख राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. मग पॅटच्या निकालावरून शाळांची क्रमवारी लावण्याचे कारण उरत नाही. ती थांबवली की फळ्यावर उत्तरे लिहून देण्याची निकडही संपेल.

वेळेचा प्रश्न खरा आहे. पण प्रथम संस्थेने अनेक वर्षे चालवलेली रीत, म्हणजे रोज ठरावीक वेळ इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या स्तरानुसार मुलांचे गट करणे, दोन शिक्षकांच्या शाळेतही जमण्यासारखी आहे. गोष्ट वाचणारी मुले एका बाजूला, अक्षरांशी झगडणारी दुसऱ्या बाजूला.

डोंगरशाळा

स्तरानुसार गट आम्ही केले आहेत आणि वाचनात त्यांचा उपयोग होतो, हे अनुभवाने सांगते. मात्र ते गट पाडायला अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशी एका पानाची तोंडी तपासणी पुरली. मूल कुठे अडखळते ते कानांनी कळले, आणि अडलेला शब्द कोरकूत सांगून पाहता आला. राज्याला मदतच करायची असेल, तर ही तोंडी तपासणी अधिकृत मानावी, तिची नोंद शाळेतच राहू द्यावी, आणि तीन चाचण्यांच्या छपाई-वाहतुकीचा पैसा कोरकू येणाऱ्या स्थानिक मदतनिसाच्या मानधनावर खर्च करावा.

गणितप्रेमी

मदतनीस हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण नोंद शाळेतच राहिली, तर तो कोणत्या शाळेला आधी द्यायचा हे कोण आणि कशावरून ठरवणार? आपण प्रामाणिकपणे तपासता. जिथे तपासणीच होत नाही तिथल्या मुलांचे काय? निदान एक पायाभूत चाचणी बाहेरची असावी, एवढी माझी मागणी मी सोडणार नाही.