टॉवरमधला माणूस चुकला तर?

रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात तेथे टॉवरमध्ये बसून लिव्हर ओढत सिग्नल चालवणारा माणूस चुकला तर गाड्या आदळणार नाहीत का, ही शंका रास्त आहे. पण इंटरलॉकिंग (एकमेकांना छेदणाऱ्या मार्गांचे सिग्नल एकाच वेळी मोकळे होऊ न देणारी लिव्हरांची रचना) आले तेच ही चूक अडवण्यासाठी. अमेरिकेत शिकागोच्या दक्षिणेस ग्रँड क्रॉसिंगवर २५ एप्रिल १८५३ रोजी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या गाड्या एकमेकींना छेदणाऱ्या रुळांवर धडकल्या आणि किमान १८ प्रवासी दगावले. त्यानंतर तेथे प्रत्येक गाडी आधी पूर्ण थांबू लागली. जड मालगाडी थांबवून पुन्हा हलवणे किती खर्चिक, हे वेगळे सांगायला नको. इंटरलॉकिंगच्या टॉवरमुळे हे थांबणे टळे; तेथे लिव्हरांना जोडलेल्या लोखंडी पट्ट्या खाचांत अशा अडकत, की एका मार्गाचा सिग्नल मोकळा केल्यावर आडव्या मार्गाचा लिव्हर दोन्ही हातांनी ओढला तरी जागचा हलत नसे.